परभणी-हिंगोलीकडचे ब्लॉग एका पानावर आणायचेत, कोणतं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्यावं?

पूर्णाकाठ: नमस्कार मंडळी. आम्ही पंचवीस-तीस जण ब्लॉग लिहितो. कुणी शेतीवर, कुणी बोलीवर, कुणी जुन्या बारवांवर. सगळ्यांचं नवं लिखाण एका पानावर आपोआप यावं, वाचकाला लॉगिन लागू नये. साधं शेअर्ड होस्टिंग आहे, पीएचपी चालतं. वर एक रुपयाही खर्च जमणार नाही.

मांजराथडी: डोळे झाकून मिनीफ्लक्स लावा. माझं लई दिवस झाले, एकदाबी बंद पडलं नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस लागतो, तेवढा छोटा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर) घेऊन टाका.

औंढेकर: दादा, खर्च नको म्हणालेत ना ते? शिवाय मिनीफ्लक्स स्वतःपुरतं वाचायला आहे. फ्रेशआरएसएस घ्या. पीएचपीच आहे, एसक्यूलाइट या एका फाइलच्या डेटाबेसवर भागतं, सेटिंगमध्ये अनामिक वाचन चालू केलं की लॉगिन नको. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) मात्र तासाला एकदाच. आमच्या होस्टिंगवाल्यानं दर पाच मिनिटांचा क्रॉन बघून खातंच बंद केलं. वर्षाचे पैसे भरलेले, फोन उचलायला तयार नाही!

जुनाखांब: प्लॅनेट व्हीनस. डेबियन लिनक्सवाल्यांचं असंच ब्लॉगांचं पान त्यावरच उभं राहिलं. नुसतं एचटीएमएल तयार होतं, सर्व्हरला भार नाही.

औंढेकर: ते पायथन २ वर चालतं काका. पायथन २ चा आधार २०२० ला संपला.

बीडची_लेक: मीही फ्रेशआरएसएसच सांगेन. पण अख्खा लेख तिथंच मिळाला तर मूळ ब्लॉगवर कोण फिरकणार? गुगलच्या ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये फीड (जिथून नवे लेख आपोआप उचलले जातात तो पत्ता) 'शॉर्ट' करायला सांगा सगळ्यांना, म्हणजे लेखाची फक्त सुरुवात जाईल.

मांजराथडी: कामून लपवायचं? वाडी-तांड्यावर रेंज येते-जाते. एकदा पान उघडलं की पूर्ण वाचता आलं पाहिजे.

औंढेकर: ते ज्याचं त्याला ठरवू द्या. कामाचं सांगतो: ब्लॉगरवर लेबलची वेगळी फीड मिळते. फीडच्या पत्त्यापुढं /-/ आणि लेबलचं नाव टाका. म्हणजे बारवांवर लिहिणाऱ्याच्या घरच्या लग्नाचे फोटो तुमच्या पानावर येणार नाहीत.

पूर्णाकाठ: सगळ्यांचे आभार. फ्रेशआरएसएस लावून पाहिलं. चांगलं आहे, पण डावीकडं फीडची यादी, न वाचलेल्यांचे आकडे. आमच्या वाचकांना ते मेल उघडल्यासारखं वाटलं. शेवटी मूनमून टाकलं. तेही पीएचपी, डेटाबेस लागत नाही, ताजा लेख सगळ्यात वर. फीडची यादी ओपीएमएल या सगळीकडं चालणाऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये राहते, त्यामुळं पुढं सॉफ्टवेअर बदललं तरी उचलून नेता येईल. लेखकाचा होकार आला तरच फीड घेतो. लेबलची युक्ती लगेच वापरली.

मांजराथडी: मूनमून? कधी नाव ऐकलं नाही. व्हीपीएसच घ्यायला पाहिजे होता.