बाप्तिस्म्याआधी कलेक्टरला ६० दिवसांची सूचना: मंडळीने काय करावं?

इंदूरकर_मंडळी
प्रभूमध्ये सलाम. आमच्या मंडळीत एक जोडपं बाप्तिस्म्याची तयारी करतंय. दोघंही सज्ञान, स्वतःहून आलेले. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यानुसार (धर्मांतरविरोधी कायदा) त्यांनी ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे कलेक्टरला, कळवायचं आणि पाळकांनीही (मंडळीच्या धर्मगुरूंनीही) वेगळं कळवायचं. यावरून पाळकसभेत दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो की अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, तेव्हा अर्ज देऊन टाका. दुसरी बाजू विचारते, विश्वास ठेवायला सरकारची परवानगी कशाला? जाणकारांनी नेमकं सांगावं.

कलमवाचक
सूचनेची तरतूद कलम १० मध्ये आहे. पाळकांनी सूचना दिली नाही तर ३ ते ५ वर्षं कैद आणि किमान ५० हजार रुपये दंड. मात्र १४ नोव्हेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम सकृद्दर्शनी घटनाबाह्य ठरवलं आणि ते मोडल्याबद्दल सक्तीची कारवाई करू नये, असा अंतरिम आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, जानेवारी २०२३ मध्ये तिथे त्याला स्थगिती मिळाली नाही. आदेश अंतरिम आहे हे विसरू नका. आज तो कोणत्या स्थितीत आहे, पाळकांना त्याचं संरक्षण कितपत मिळतं, हे वकिलाकडून तारीख घालून लेखी घ्या आणि मंडळीच्या फाइलला लावा.

खरी अडचण कलम ३ आणि ५ मध्ये आहे, आणि ती कलमं लागू आहेत. बळजबरी, फसवणूक, आमिष यांनी धर्मांतर केल्याचा आरोप झाला, तर तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. आमिषाची व्याख्या फार सैल आहे. त्यात नोकरी येते, धार्मिक संस्थेच्या शाळेतलं शिक्षण येतं, चांगलं राहणीमानसुद्धा येतं. आणखी एक: दोन किंवा जास्त माणसं एकाच वेळी, की ते 'सामूहिक' धर्मांतर. तुमचं जोडपं एकाच रविवारी पाण्यात उतरलं आणि आरोप झाला, तर ५ ते १० वर्षांचं कलम लागतं. दोघांचे बाप्तिस्मे वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

सह्याद्री_वाचन
अर्ज देऊन टाका म्हणणाऱ्यांनी हिमाचलचा निकाल जरूर वाचावा. तिथल्या २००६ च्या कायद्यात ३० दिवसांची सूचना होती. ३० ऑगस्ट २०१२ रोजी उच्च न्यायालयाने ते कलम ४ रद्द केलं. बळजबरीविरुद्धचं कलम मात्र कायम ठेवलं. माणसाला श्रद्धा बदलायचा हक्क आहे, तसाच ती गुप्त ठेवायचाही आहे, हे न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. सूचना जाहीर झाली की त्या माणसाचा छळ होऊ शकतो, हेही नोंदवलं. मूळ धर्मात परतणाऱ्याला मात्र सूचनेतून सूट होती. हा भेदभावही न्यायालयाला मान्य झाला नाही. आणि तरीही २०१९ च्या नव्या कायद्यात महिनाभराची सूचना पुन्हा आलीच!

उत्तर प्रदेशात तर धर्मांतरानंतरही ६० दिवसांत घोषणापत्र द्यावं लागतं. ते नोटीस बोर्डावर लागतं आणि २१ दिवसांत स्वतः हजर राहून ओळख पटवावी लागते. पत्ता, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मूळ धर्म, सगळं भिंतीवर. ज्या मुलीने घरी अजून सांगितलेलं नाही, तिचं काय होईल याचा विचार करा. माझ्या मते याला अधीनता म्हणून मान तुकवणं हा वचनाचा चुकीचा अर्थ आहे. पौल कर आणि मान द्यायला सांगतो, अंतःकरणाची झडती द्यायला नाही.

नोंदवही_सांभाळणारी
तत्त्वाचं झालं, आता रोजच्या कामाचं. बहुतेक ठिकाणी गोंधळ होतो तो कागदांत.

उमेदवाराचा अर्ज त्याच्याच हस्ताक्षरात, त्याच्याच भाषेत घ्या. छापील मजकुरावर नुसती सही कोर्टात फार टिकत नाही. शिकवणीच्या प्रत्येक वर्गाची तारीख, विषय आणि हजेरी लिहा. किमान काही महिने शिकवा, घाई हीच पहिली शंका असते. मदतनिधी आणि बाप्तिस्मा वर्ग यांची माणसं, वही आणि बँक खातं वेगळं ठेवा. वर्ग सुरू असताना त्याच कुटुंबाला फी किंवा औषधाचे पैसे द्यायची वेळ आली, तर मदतीची गरज कशी ठरली हे त्याच दिवशी लिहा. भुकेल्याला मदत थांबवायची नाही, पण नोंद हवीच. बाप्तिस्म्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकू नका. तक्रारी बऱ्याचदा तिथूनच निघतात.

पोलिसांनी नोंदवही मागितली तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खालचा लेखी आदेश मागा. मूळ वही जप्त करत असतील तर पंचनाम्याची प्रत घ्या. साक्षीदार म्हणून बोलावणं आलं तर कलम १७९ लक्षात ठेवा: स्त्री, १५ वर्षांखालचा मुलगा आणि ६० वर्षांवरचा पुरुष यांचा जबाब राहत्या जागीच घ्यावा लागतो.

इंदूरकर_मंडळी
फार उपयोग झाला. उमेदवारांपैकी नवऱ्याकडे अनुसूचित जातीचा दाखला आहे. तोही प्रश्न येईल का?

कलमवाचक
येईल, आणि तो बाप्तिस्म्याआधीच त्यांच्यापुढे ठेवा. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती झाल्यावर तो लाभ जातो. अनुसूचित जमातीला ही अट नाही. हा अन्यायच आहे, कारण बाप्तिस्म्याने गावातली जात सुटत नाही. पण म्हणून अर्जावर 'हिंदू' लिहून सवलत घेणं चालणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा दाव्याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलंय. आपली श्रद्धा कलेक्टरला न सांगणं हा हक्क आहे. सही करून खोटं सांगणं विवेकातही बसत नाही आणि कायद्यातही. नोकरी किंवा मुलांची शिष्यवृत्ती त्या दाखल्यावर असेल तर काय काय जाईल, ते त्यांना लिहून द्या आणि निर्णयासाठी त्यांना हवा तेवढा वेळ द्या.