गाडी दारातच उभी, मग ‘परत मागवली’ कशी?

प्रश्न : डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत ऑटोपायलट या चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेसाठी सुमारे २० लाख गाड्यांचा रिकॉल काढला. आपल्याकडे बातम्यांत त्याचं ‘गाड्या परत मागवल्या’ होतं. पण दुरुस्ती तर नेटवरून आली, गाडी जागची हललीही नाही. हा शब्द बरोबर आहे का?

प्रतिसाद : अजिबात नाही. फोनला अपडेट आलं की कंपनीने फोन परत मागवला म्हणतो का आपण? इलॉन मस्कनेही २०२३ मध्येच अशा अपडेटला रिकॉल म्हणणं कालबाह्य आणि साफ चूक असल्याचं म्हटलं होतं.

प्रतिसाद : मस्क म्हणणारच हो, त्याच्या गाड्यांची बातमी होते ना! अमेरिकेचा १९६६ चा वाहन सुरक्षा कायदा आणि त्यातली १९७४ ची सुधारणा यांपासून रिकॉलचा गाभा एवढाच आहे : सुरक्षेतला दोष आढळला तर कंपनीने सरकारला कळवायचं, मालकाला कळवायचं आणि फुकट निस्तरायचं. गाडी गॅरेजला न्यायची की घरीच नीट करायची, हा पुढचा प्रश्न. सप्टेंबर २०२१ मध्ये टेस्लाने रस्त्यात थांबलेल्या पोलीस-अँब्युलन्सचे दिवे ओळखण्यासाठी गाड्यांना अपडेट पाठवलं, रिकॉल न काढता. ‘एनएचटीएसए’ या तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने पुढच्याच महिन्यात पत्र पाठवून विचारलं, रिकॉल का नाही? नुसतं अपडेट म्हटलं की दोष होता हे कंपनीने कबूल करायचा प्रश्नच उरत नाही. रिकॉल निघाला की त्याची सरकारदरबारी नोंद होते. सेकंडहँड गाडी घेणारा चासी नंबर टाकून कुठला रिकॉल बाकी आहे ते बघू शकतो.

प्रतिसाद : पण मग फेब्रुवारी २०२४ चा रिकॉल बघा. स्क्रीनवरची ब्रेक, पार्क आणि एबीएसच्या इशाऱ्यांची अक्षरं नियमातल्या ३.२ मिलिमीटरपेक्षा बारीक होती, म्हणून सुमारे २२ लाख गाड्या! आणि तेही नेटवरूनच झालं. अक्षरं मोठी करणं आणि फुटणाऱ्या एअरबॅग बदलणं, दोन्हीला एकच नाव?

प्रतिसाद : ब्रेकचा इशारा वाचता आला नाही तर धोकाच की. गंभीर किती, ते बातमीत लिहा, त्यासाठी नाव कशाला बदलायचं? घोळ आपल्या मराठीत जास्त आहे. इंग्रजी शब्दातलं ‘परत’ वापरून वापरून झिजलंय, आपलं ‘परत मागवणे’ अजून ठणठणीत आहे. सदोष औषधाची बॅच परत मागवतात, ती खरोखर परत जाते. गाड्यांसाठी मी सरळ ‘रिकॉल काढला’ लिहितो आणि पुढच्याच वाक्यात सांगतो, सर्व्हिस सेंटरला जायचंय की घरबसल्या होणार. मथळ्यात मराठीच हवं असेल तर ‘२० लाख गाड्यांत दोष, दुरुस्ती नेटवरून’. जागाही कमी लागते.