वायफायवरून सिरिंज पंप शोधतेय, पण समोरासमोरच्या खोल्यांत गफलत होते

यंत्रविभाग:
मी एका रुग्णालयात उपकरणांची देखभाल बघते. तीन मजल्यांवर मिळून साठेक सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरावीक वेगाने देणारी यंत्रं) आहेत, सगळ्यांत वायफाय आहे. पंप वॉर्डावॉर्डांत फिरतात आणि हवा तेव्हा नेमका सापडत नाही. म्हणून मी वायफायच्या कंट्रोलरमधून प्रत्येक पंपाचा सिग्नल कोणत्या ॲक्सेस पॉइंटला (छतावरच्या वायफायच्या डबीला) किती ऐकू येतो ते आकडे काढले, सूत्राने अंतर काढलं आणि वर्तुळं कुठे छेदतात ते नकाशावर टाकलं.

परवा रात्री अडीच वाजता अतिदक्षता विभागातून फोन आला. नकाशा म्हणाला, पंप ३०७ मध्ये आहे. सिस्टर तिथे गेल्या, खाटेखालीसुद्धा बघितलं, नाही. पंप समोरच्या ३०८ मध्ये पडद्यामागे उभा होता. तिकडे पेशंट थांबलेला आणि मी फोनवर चुकीची खोली सांगतेय, हे फार जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी एक पंप टेबलावर ठेवला आणि तासभर हात लावला नाही. एकाच पॉइंटवर त्याचं रीडिंग उणे ५४ पासून उणे ६९ डीबीएमपर्यंत हललं (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्याचा आकडा मोठा तितका सिग्नल क्षीण). मी मध्ये उभी राहिले की लगेच खाली जायचं. पॉइंट मजल्यावर सहा, सगळे कॉरिडॉरच्या छताला, एका रांगेत. सूत्रातला घातांक (अंतराबरोबर सिग्नल किती झपाट्याने घटतो तो आकडा) २ पासून ४ पर्यंत बदलून पाहिला, फरक नाही. कुठे चुकतंय?

छतावरचा:
ताई, सूत्रात शोधू नका, तुमच्या शेवटून तिसऱ्या वाक्यात उत्तर आहे. "सगळे एका रांगेत."

कॉरिडॉरच्या मधोमध रेघ ओढा. रेघेच्या डावीकडे चार मीटरवर एक बिंदू घ्या, बरोबर समोर उजवीकडे चार मीटरवर दुसरा. सहाही पॉइंटपासून दोघांचं अंतर तंतोतंत सारखं. वर्तुळं दोन्हीकडे छेदणारच, आणि तुमचा प्रोग्राम त्यातली एक बाजू उचलतो. डावं की उजवं ही माहिती त्या अंतरांत मुळातच नाही, मग घातांक कितीही फिरवा. पॉइंट बसवणाऱ्याने नेट सगळीकडे पोचावं एवढंच पाहिलं, ते त्याच्या जागी बरोबरच आहे. जागा शोधायची असेल तर पॉइंट कडेला आणि कोपऱ्यांत लागतात. निदान दोन पॉइंट खोल्यांत सरकवा, एक या बाजूला, एक त्या.

दुसरं, सिग्नलची ताकद म्हणजे मोजपट्टी नव्हे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल घटतात. तुमच्या टेबलावरच्या १५ डेसिबलचा अर्थ त्या हिशोबाने अंतर साडेपाच पट बदललं असा होतो, आणि पंप तर जागचा हलला नव्हता. भिंतींवरून, लोखंडी कपाटांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, आणि माणसाच्या अंगातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतं. म्हणून अंतर काढायचा नादच सोडा, खोलीचा ठसा घ्या. फिंगरप्रिंटिंग म्हणतात त्याला. प्रत्येक खोलीत पंप ठेवून सहाही पॉइंटांची रीडिंग नोंदवा. नंतर नवं रीडिंग आलं की कोणत्या नोंदीशी सर्वांत जवळ जातं ते बघा. २००० साली मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बहल आणि पद्मनाभन यांनी रडार नावाच्या प्रयोगात हेच केलं होतं. तीन बेस स्टेशनवर साधारण तीन मीटरपर्यंत पोचले. प्रत्येक जागी चारही दिशांना तोंड करून नोंदी घेतल्या होत्या, कारण तेच, अंग मध्ये येतं.

अनुभवाची एक गोष्ट सांगतो. एखाद्या पॉइंटला पंप ऐकूच आला नाही तर तो रकाना रिकामा सोडू नका, उणे ९५ भरा. न ऐकू येणं हीसुद्धा त्या खोलीची ओळख असते.

चॅनेल११:
सर्व्हे पंपानेच करा, मोबाइलने नको. प्रत्येक चिपची, अँटेनाची ताकद निराळी, ठसे जुळणार नाहीत.

आणि वेळेचे शिक्के, म्हणजे कोणतं रीडिंग कधीचं आहे, ते तपासा. पंप ज्या पॉइंटला जोडलाय तो त्याला सतत ऐकतो. बाकीचे आपापल्या चॅनेलवर असतात, अधूनमधून दुसरीकडे कान देतात तेव्हाच त्यांना पंप ऐकू येतो. म्हणजे एकाच ओळीत एक आकडा आत्ताचा आणि एक पाच मिनिटांपूर्वीचा, पंप दुसऱ्या वॉर्डात असतानाचा, असं होऊ शकतं. शिळे आकडे काढून टाका.

मीटरभर:
सिग्नलची ताकद सोडून लहरीला जायला-यायला लागणारा वेळ मोजणारी पद्धत आहे, ८०२.११एमसी. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून फोनवर मिळते, एक-दोन मीटर अचूकता येते. पण एका नॅनोसेकंदात लहर ३० सेंटीमीटर जाते, त्यामुळे इतकं बारीक घड्याळ दोन्ही टोकांना लागतं. पंपाच्या चिपमध्ये ते नसेल तर उपयोग नाही. पुढची खरेदी करताना मात्र विचारा.

यंत्रविभाग:
सगळ्यांचे मनापासून आभार. नेटवर्कवाल्यांनी तिसऱ्या मजल्यावरचे दोन पॉइंट ३०२ आणि ३११ मध्ये हलवून दिले. दोन रात्री ट्रॉलीवर पंप घेऊन मी खोली न खोली फिरले, प्रत्येक ठिकाणी चार दिशा, दहा-दहा मिनिटं. शिळ्या आकड्यांचं अगदी खरं निघालं, काही रीडिंग अकरा मिनिटं जुनी होती.

३०७-३०८ दहा वेळा अदलाबदल करून पाहिलं, नऊ वेळा बरोबर खोली आली. एक घोडं अजून अडलंय. जिन्याजवळचा पंप कधी तिसऱ्या मजल्यावर दिसतो, कधी दुसऱ्या.

छतावरचा:
जिन्याची पोकळी मोकळी असते, स्लॅब अडवतो तसं तिथे काही अडवत नाही. आधी मजला ठरवा, खोली नंतर. प्रत्येक मजल्यावरच्या सर्वांत जोरदार तीन रीडिंगची सरासरी काढा आणि सलग चार-पाच वेळा दुसरा मजला जिंकल्याशिवाय मजला बदलू नका. जिन्याजवळ ठशांची संख्याही दुप्पट ठेवा.

यंत्रविभाग:
आज रात्री लावते. बंद करून ठेवलेला पंप सिग्नलच देत नाही, तेव्हा त्याच्यासाठी नकाशावर शेवटची खोली आणि वेळ करड्या रंगात दाखवायला सुरुवात केलीय. सिस्टर आता आधी तीच वेळ बघतात.