स्कॉचला मार्क द्यायचे तर नेमके कशाला द्यायचे?

रानवारा:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. आम्ही काही मित्र अधूनमधून स्कॉच घेऊन बसतो आणि हल्ली नुसतं पिण्यापेक्षा नीट चाखून १०० पैकी मार्क द्यायला लागलोय. पण गाडी दर वेळी एकाच ठिकाणी अडते. लाफ्रॉइग (धुरकट वासाची एक स्कॉच) निघाली की एक जण ९२ देतो आणि दुसरा ५५ देऊन म्हणतो, हे तर औषध आहे, दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय. दोघंही मनापासून सांगतायत, कुणी मुद्दाम करत नाही. सरासरी काढली की ७३-७४ येते आणि ते तर दोघांपैकी कुणाचंच मत नाही!

मग मार्क कशाला द्यायचे, व्हिस्की चांगली बनलीय का याला की मला आवडली का याला? आणि दुसरं, मला वास घेतला की आधी अल्कोहोलच नाकात जातो, झिणझिण्या येतात. बाकीचे सफरचंद, मध, व्हॅनिला म्हणायला लागले की मलाही ते यायला लागतं, पण ते खरंच आहे की त्यांनी म्हटलं म्हणून येतंय ते कळत नाही. पाणी घालावं की नाही यावर तर रोज वाद. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

जुना_पिंप:
छान प्रश्न आहे, आणि तुझा तो ५५ वाला मित्र खोटं बोलत नाहीये हे आधी सांगतो. पण त्याच्याकडे नंतर येऊ, आधी नाकाचं बघू, कारण स्कॉचमध्ये निम्म्याहून जास्त काम नाकाचंच आहे. डिस्टिलरीतले ब्लेंडर लोक, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की जुळवणारे, दिवसभर बसतात ते पीत नाहीत, हुंगतात, आणि तेसुद्धा नमुना पाण्याने साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करून.

ग्लास वर निमुळता होणारा घे, रुंद तोंडाचा नको. वाइनसारखा गरगर फिरवू नकोस, त्याने अल्कोहोलच आधी उसळतो. ओतल्यावर थोडा वेळ तसाच राहू दे. मग नाक ग्लासात खुपसायचं नाही, काठाच्या जरा वर धरायचं, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि लांब श्वास न ओढता छोटे छोटे वास घ्यायचे. एक नाकपुडी, मग दुसरी. झिणझिण्या बऱ्याच कमी होतील.

पाण्याचं म्हणशील तर घालावं, पण थेंबाथेंबाने. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं होतं की धुराच्या चवीमागचा ग्वायाकॉल नावाचा घटक, अल्कोहोल ४५ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी असेल तर द्रवाच्या पृष्ठभागाजवळ येऊन बसतो, आणि ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलचे रेणू त्याला घेरून आत खेचतात. म्हणजे कास्क स्ट्रेंथ (पिंपातून काढल्यावर पाणी न घालता भरलेली) बाटली असेल तर पाण्याने वास खरंच मोकळा होतो. ४० टक्केवाली मात्र आधीच पाणी घालून उतरवलेली असते, ती पटकन बेचव होते, तिच्यात जपून.

आता लाफ्रॉइग. तो दवाखान्याचा वास म्हणजे बिघाड नाही, तो मुद्दाम आणलेला आहे. मोड आलेली बार्ली, म्हणजे माल्ट, पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवतात, त्यातून फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल दाण्यात उतरतात, आयोडीनसारखा, पट्टीच्या कापसासारखा वास तिथून येतो. स्कॉटलंडच्या आयले बेटावरच्या या घराण्याची ती ओळखच आहे. (लोक पीपीएमचे, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉल किती त्याचे, आकडे फेकतात, आर्डबेग ५५, लागाव्हुलिन ३५ वगैरे, पण ते आकडे वाळवलेल्या माल्टचे असतात, बाटलीतल्या व्हिस्कीचे नाहीत. डिस्टिलेशनमध्ये त्यातलं बरंच मागे राहतं, त्यामुळे आकड्यावरून चव ठरवू नका.) म्हणून परीक्षकाने विचारायचं ते हे, की धुराच्या खाली काही आहे का? बार्लीचा गोडवा, व्हॅनिला, थोडा खारटपणा हे धुराशी जुळवून घेतंय का, की नुसती राखच राख? गिळल्यावर चव कुठे जाते, बदलत जाते की एकदम तुटते?

आणि खरे दोष वेगळे असतात. कुबट बूच. घामट, कोंदट वास, म्हणजे डिस्टिलेशनच्या शेवटचा भाग जास्त आत घेतला. पिंपाचा अतिरेक, जिभेला कोरड पडते आणि शेवटी लाकडाचा कडवटपणाच उरतो. शेरी वाइनच्या पिंपात गंधक जाळलेलं राहिलं की जळलेल्या काडीचा किंवा रबराचा वास येतो. याला मार्क कापायचे, आवडो न आवडो.

धुरकट:
वरच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो, बाटल्या झाका!! आणि शक्य असेल तर रंगही झाका. गडद दिसली की हात आपोआप वर जातो, पाच-सात मार्क नुसत्या रंगाचे पडतात. आणि स्कॉचमध्ये रंगावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही कारण २००९ च्या नियमांनुसार पाण्याशिवाय साधा कॅरॅमल रंग, तोच ई१५०ए, घालायला परवानगी आहे. एखादी २० वर्षांची व्हिस्की बऱ्याचदा वापरलेल्या बोर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपात राहिली असेल तर गवताच्या काडीइतकी फिकट निघू शकते आणि त्याच वेळी शेजारची कोवळी बाटली मस्त तांबूस दिसते. निळे ग्लास वापरतात ते याचसाठी, आत काय रंग आहे ते दिसतच नाही.

लेबलवरच्या वयाचंही तसंच. १२ लिहिलंय म्हणजे आतली सगळ्यात तरुण व्हिस्की १२ वर्षांची, बस्स. जास्त वय म्हणजे जास्त मार्क असं काही नाही. आणि 'आयले म्हणजे धूर' हेही डोक्यातून काढा, बुनाहाव्हन आयलेचीच आहे आणि तिची नेहमीची १२ वर्षांची बिनधुराची असते, उलट आर्डमोर मुख्य भूमीवरच्या हायलँड भागातली असून पीटवाली.

बाकी तुझ्या त्या 'त्यांनी म्हटलं म्हणून येतंय' वर एकच इलाज, सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग कागद वाचा. चार कागदांवर न बोलता नासपती आलं तर ते ग्लासात आहे असं धरायला हरकत नाही.

सावकाश:
जुना_पिंप, बरंचसं पटलं पण गंधकाबद्दल थोडा वेगळा मुद्दा मांडतो. शेरीच्या पिंपातला रबरी वास ठीक आहे, तो दोषच. पण मॉर्टलाखसारख्या डिस्टिलरीत वाफ थंड करायला जुन्या पद्धतीचे वर्म टब आहेत, म्हणजे पाण्याच्या टाकीत बुडवलेली तांब्याची लांब नळी. तिथे वाफेला तांब्याचा स्पर्श कमी मिळतो, त्यामुळे गंधकाचे अंश जास्त उरतात आणि मांसल, जड चव येते. लोक तीच शोधत येतात. एखाद्या नवख्या परीक्षकाने तिला 'सल्फर, उणे दहा' केलं तर तो अन्याय आहे आणि मला ते मनापासून खटकतं.

म्हणून कुठल्या घराण्याची व्हिस्की आहे त्यावरून मोजायचं. ऑकेंटॉशन तिहेरी डिस्टिल करतात, ती हलकी असणारच, तिला 'अंगात दम नाही' म्हणून मार्क कापणं चूक. स्पर्धांमध्येही नमुने झाकून देतात पण प्रकारानुसार गट पाडून देतात.

रानवारा, तुमच्यासाठी सरळ दोन रकाने करा. एकात 'कशी बनलीय', दुसऱ्यात 'मला किती आवडली'. पहिल्यात तुमच्या त्या दोन मित्रांचे मार्क बघा किती जवळ येतात. दुसऱ्यात ९२ आणि ५५ राहू देत, त्यांची सरासरी काढूच नका, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. त्या फरकातूनच वाचणाऱ्याला कळतं की ही बाटली सगळ्यांसाठी नाही.

रानवारा:
दोन रकान्यांचं एकदम पटलं, हे आधी का सुचलं नाही कळत नाही. बाटल्या झाकायचं पण करतो. अजून दोन गोष्टी विचारतो, ब्लेंडेड (मिसळलेली) आणि सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्टची) एकाच रांगेत ठेवायच्या का? कारण आमच्यात ब्लेंडेड दिसली की लोक आधीच नाक मुरडतात. आणि एका बैठकीत किती, कुठल्या क्रमाने?

जुना_पिंप:
सावकाशचा मॉर्टलाखचा मुद्दा रास्त आहे, घेतला.

ब्लेंडेडची वेगळी रांग लाव. तिच्यात माल्टबरोबर ग्रेन व्हिस्की असते, म्हणजे गहू-मक्यासारख्या धान्याची, कॉलम स्टिलमधून (सतत चालणाऱ्या उंच भट्टीतून) काढलेली, हलकी. एनियस कॉफीने १८३० मध्ये त्या स्टिलचं पेटंट घेतलं आणि पुढे ब्लेंडिंगचा सगळा धंदा त्यावर उभा राहिला. तिथे कौशल्य सगळं जुळवण्याचं आहे, वेगवेगळ्या पिंपांतून आलेलं असूनही कुठे सांधा दिसता कामा नये. सिंगल माल्टचा स्वभाव किती ठळक आहे ते आणि हे एका मापाने मोजताच येत नाही. नाक मुरडणाऱ्यांना झाकलेल्या ग्लासातून दे, मुरडणं थांबेल.

क्रम म्हणशील तर कमी टक्क्याकडून जास्तीकडे, बिनधुराच्या आधी, पीटवाल्या सगळ्यात शेवटी, कारण एकदा आर्डबेग जिभेवरून गेली की पुढच्या नाजूक व्हिस्कीला काही न्याय मिळत नाही. पाच-सहाच्या पुढे जाऊ नका, नाक थकतं आणि मार्क उगाच वर सरकायला लागतात. घोट थुंकायला एक भांडं ठेवा, लाजू नका, परीक्षक तेच करतात. मध्ये साधं पाणी, आणि बिनमिठाचा पावाचा तुकडा.

आणि एक कर. कुणाला न सांगता एकच व्हिस्की रांगेत दोनदा ठेव, दुसरी आणि पाचवी समज. ज्याने दोन्हींना साधारण सारखे मार्क दिले त्याच्या पहिल्या रकान्यावर जास्त विसंबायचं, आणि ज्याचे १५ मार्कांनी वर-खाली झाले त्याचा त्या दिवसाचा फक्त दुसरा रकाना धरायचा.