मदत हवी आहे: नाथषष्ठीला प्लास्टिकवर भारूड करायचंय

नमस्कार मंडळी. पैठणच्या नाथषष्ठी यात्रेत गोदाकाठी कॅरीबॅगवर भारूड करायचं आमच्या गल्लीतल्या पोरापोरींनी ठरवलंय. राज्यात २०१८ पासून बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉसुद्धा बंद. तरी आठवडी बाजारात पावशेर मिरच्या पातळ पिशवीतच मिळतात. दंडाच्या धाकानं माणूस पिशवी लपवतो. हसला की ऐकून घेतो, असं मला मनापासून वाटतं.

सोंग असं: कॅरीबॅग म्हणजे आगंतुक पाहुणी. मिरच्या घरी पोचवण्यापुरती येते अन् नातवंडांच्या लग्नापर्यंत हलत नाही. गटारीत बसते, गाईच्या पोटात शिरते. शेवटी जुन्या लुगड्याची पिशवी येते आणि तिची वाजतगाजत पाठवणी करते. शेजारीच बचत गटाच्या बायका पिशव्या शिवून देणार.

अडलंय ते कडव्यांवर. भाजीवाल्या मावशींना हसवायचंय, त्यांच्यावर हसायचं नाही. गिऱ्हाईकच पिशवी मागतं, त्या तरी काय करतील? हे सांभाळून चार-सहा कडवी कुणी लिहून देईल का? जालना-बीडकडचे टाळ-मृदंगवाले येतील का? आणि बाजारात असं काही केलेलं असेल, तर दुकानदार कशानं वळले तेही सांगा.