कार्लो चिपोल्ला वाचायला सुरुवात कुठून करू? (मूर्खपणाचे नियम सोडून)

निपाणीची_लेक:
नमस्कार मंडळी. मी निपाणीची, बेळगावात एम.ए. इतिहास करते. लघुप्रबंधाला आपल्या जिल्ह्यातला १८९७ नंतरचा प्लेग घ्यावा असं मनात आहे. सर म्हणाले, आधी चिपोल्ला वाच, मग बोलू. नेटवर शोधलं तर जिकडंतिकडं त्याचे मूर्खपणाचे पाच नियम. हा इतिहासकार आहे की व्हॉट्सअ‍ॅपवरचा सुविचारवाला? त्याचं खरं काम काय आणि मला त्याचा उपयोग काय, कुणी सांगेल का? आमची आज्जी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची, की गाठीच्या आजारात सगळं गाव शेतात झोपड्या घालून राहिलं होतं. सध्या माझं भांडवल तेवढंच. कन्नड वाचते, मोडी येत नाही.

चिकोडी_रोड:
नियम सोडू नका हो ताई! दुसऱ्याचं नुकसान करतो आणि त्यात स्वतःचाही फायदा होत नाही, तो मूर्ख. एकदा आमच्या गल्लीच्या मंडळाच्या मीटिंगला या, चिपोल्ला पटकन समजेल.

खानापूरचा_हिशेबनीस:
चिकोडीकर, हसलो. पण पोरीला उत्तर द्यायला पाहिजे.

ताई, तो निबंध त्यानं १९७६ साली गंमत म्हणून इंग्रजीत लिहून मित्रमंडळींपुरता छापला. बारा वर्षांनी तो इटालियन पुस्तकात आला, तिथं शेजारी मिऱ्यांच्या व्यापारावरची थट्टा आहे. माणूस मात्र पक्का अभ्यासू, आर्थिक इतिहासकार. १९२२ साली इटलीतल्या पावियात जन्मला, तिथंच शिकला, पुढं पॅरिस आणि लंडन. शाळेत इतिहास शिकवावा एवढीच सुरुवातीची इच्छा होती म्हणे. सत्ताविसाव्या वर्षी सिसिलीत कातानियाला प्राध्यापक झाला, १९५९ पासून अमेरिकेत बर्कलीला, आणि इटलीतलं शिकवणंही चालूच. १९९५ ला बाल्झान पुरस्कार, २००० साली पावियातच गेला. नाणी, घड्याळं, साक्षरता, तोफा आणि शिडाची जहाजं, सगळ्यावर लिहिलंय. तोफांचं पुस्तक तर आपल्या भागाला चपखल बसतं. युरोपियनांचा जोर समुद्रावर, जमिनीवर बराच काळ बेताचाच, असं तो म्हणतो. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, पण सत्तरी तालुक्यापर्यंत, म्हणजे चोर्ला घाटाच्या पायथ्याला यायला त्यांना अठरावं शतक उजाडलं.

पण तुम्ही सुरुवात क्रिस्तोफानोपासूनच करा. १९७३ चं पुस्तक, लहानसं आहे. १६३० च्या प्लेगात फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो गावात क्रिस्तोफानो चेफ्फिनी नावाचा माणूस आरोग्याचा कारभारी नेमला. डॉक्टर नव्हे हं. त्यानं वही ठेवली : इस्पितळात किती आले, किती मेले, किती बरे झाले, पैसे कुठं गेले. चिपोल्लानं ती वही धरून गाव उभं केलंय. मी जन्मभर सोसायटीत खतावण्या लिहिल्या, म्हणून मला त्यातली ओढाताण कळते. घरं बंद केली की आतल्या माणसांना खायला घालायला पाहिजे. तिजोरीत खडखडाट. गाव कापडाच्या धंद्यावरचं, धंदा बसला की वसुली बसली. रोगी आणि संशयित वेगळे ठेवावेत हे सगळ्यांना कळतंय, पण तेवढी जागा कुठाय? मेलेल्यांचे आकडे कुणीही देतो ओ, खर्चाची बाजू हा मांडतो.

शास्त्र त्यांचं चुकीचंच होतं, हवेतल्या विषानं रोग होतो म्हणायचे. डॉक्टर मेण लावलेला झगा घालायचे. जेनोव्हाच्या एका पाद्र्यानं कुरकूर करून लिहून ठेवलंय, की या झग्याचा उपयोग एकच, त्यावर पिसवा टिकत नाहीत. चिपोल्ला त्यावर बोट ठेवतो. खरं उत्तर हातात होतं आणि दिसलं नाही! पिसवांमुळं प्लेग पसरतो हे कोडं सिमों नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत सोडवलं. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, आपल्या बेळगावासारखीच. हे तुमच्या पहिल्या प्रकरणात घालाच.

मग मोन्ते लुपो या गावावरचं त्याचं पुस्तक वाचा. रोगराईत मिरवणूक काढायची म्हणून पाद्री हटून बसला, गावाबाहेर घातलेलं कुंपण रात्रीत कुणी तरी मोडलं आणि चौकशी लागली. आरोग्याच्या बाजूनं उभा राहिलेला माणूससुद्धा धर्मगुरूच, ही त्यातली मजा.

निपाणीची_लेक:
काका, कुंपणावरून महाराष्ट्राच्या सीमेवरचा आपला कोगनोळी नाका आठवला! २०२१ मध्ये आरटीपीसीआरचा कागद असल्याशिवाय पलीकडून येणाऱ्यांना सोडत नव्हते. पण आपल्याकडं क्रिस्तोफानोसारखी वही कुठं मिळणार?

खानापूरचा_हिशेबनीस:
इटलीतही असा कागद लागायचा. आमच्या गावात रोग नाही असा आरोग्य-दाखला असल्याशिवाय वेशीतून आत घेत नसत. तेव्हाही खोटे दाखले निघायचेच.

माळमारुती:
वहीचं मी सांगतो. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईकडं होतं, म्हणून त्या काळची सरकारी कागदपत्रं मुंबईच्या पुराभिलेखागारात बघायला लागतात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. बरीचशी इंग्रजीत आहेत, मोडीवाचून अडणार नाही. १८९१ आणि १९०१ च्या जनगणनेत तालुकावार लोकसंख्या मिळेल, ती शेजारी शेजारी मांडा. पण सगळी घट प्लेगची धरू नका, मध्ये दुष्काळही पडलेत. अख्खा जिल्हा घेतलात तर दोन वर्षांत आटोपायचं नाही, एक गाव निवडा.

खानापूरचा_हिशेबनीस:
बरोबर, एकच गाव. आणि ताई, झोपड्यांचं सोडू नका. बांबू, गवत कुणी दिलं, रिकाम्या घरांवर राखण कुणाची, पेरणीचं काय झालं, हे म्हाताऱ्यांना आत्ताच विचारून घ्या. मोडीतल्या सावकारी वह्या सापडल्या तर फोटो टाका, मला वाचता येतं.