मदत हवी आहे: प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) चालू, मुलाचा खुबा दुखतोय

आम्ही देवगडचे. मुलगा ९ वर्षांचा, नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार), तो वरचेवर परत उद्भवतो म्हणून प्रेडनिसोलोन बराच काळ चालू. उंची अडलीय. हल्ली डाव्या पायाने लंगडतो, मांडी घालताना खुब्यात कळ येते. कधी नुसता गुडघाच दुखतो म्हणतो. पडलेला नाही, ताप नाही. एक्स-रेत काही दिसलं नाही. कॅल्शियम, डी-३ देतोय. प्रेडनिसोलोनची गोळी मनाने बंद करणार नाही, ते धोक्याचं.

वाढत्या हाडात कूर्चेच्या पेशी व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) सोडून रक्तवाहिन्या आत ओढतात, स्टेरॉइडने ते कमी होतं असं वाचलं. खुब्याच्या गोळ्याचा (मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा) रक्तपुरवठा तुटला तर एक्स-रेआधी एमआरआयत दिसतं म्हणे. त्यासाठी कोल्हापूर किंवा गोवा गाठावं लागेल.

जाणकारांनो, एमआरआय लगेच करावा का? आणि तोवर त्याला शाळेत चालत पाठवावं की पायावर भार टाळावा?